भाऊंचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, बॅटरीवर चालणारा. तोंड मोठे आणि अक्कल बेताची, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. आवाज माझा, पण शब्द कायम दुसऱ्याचे!

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानदाराला सारे भाऊ म्हणत. कर्णा एका मोडक्या भोंग्याचा, मूठ दुसऱ्याची, असे जोडून त्यांनी मला घडवले. मी पहिल्यांदा कोकललो, तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "आधीच तुमचा आवाज काय कमी होता?"

टेकडीवरच्या वस्तीचे नळ कोरडे पडले आणि भाऊ मला घेऊन चौकात उभे राहिले. "नळाला पाणी नाही, याचं उत्तर कोण देणार?" लोक गरजत, "सरकार!" सर्वांत आधी ओरडत त्या पुढे उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्या मावशी. याच प्रश्नावर भाऊ आमदार झाले. विधानसभेत मला मज्जाव होता, पण तिथेही विरोधी बाकावरून त्यांनी मंत्र्यांना सळो की पळो करून सोडले. शहरात परतले की पुन्हा चौक, पुन्हा तोच प्रश्न. लोक त्यांच्याबरोबर मलाही हार घालत. मी अगदी हुरळून गेलो होतो.

पुढे शहराने त्यांना महापौर केले. टेबलावर माइक आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. पोटातले सेल पाझरले, स्प्रिंग गंजली. मला फार वाईट वाटले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

एका उन्हाळ्यात टेकडीवरचे नळ पुन्हा आटले. लोक चिडले होते. भाऊ जायला निघाले, तेव्हा वहिनींनीच मला उतरवले, गंज खरवडला, नवे सेल घातले.

चौक गच्च भरला होता. भाऊंनी मला ओठांशी धरले आणि जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "नळाला पाणी नाही, याचं उत्तर कोण देणार?"

कोणीच "सरकार" म्हणाले नाही. मग मावशी हळूच बोलल्या, "भाऊ, आता तुम्हीच की."

कोणी हसलेसुद्धा नाही. भाऊंनी मला पुन्हा तोंडाशी धरले. "मागच्या लोकांनी..." एवढे माझ्यात आले आणि त्यांनी बटण सोडले. मला वाटले, आता हे गाडीत बसून निघून जाणार. पण त्यांनी बटण पुन्हा दाबले. "खरं आहे. उत्तर मीच द्यायचं. आज ते माझ्याकडे नाही." मग मला मावशींच्या हाती देऊन ते पायरीवर बसले. "मावशी, बोला तुम्ही. मी ऐकतो."

मावशींनी वरच्या गल्लीचे सगळे हाल सांगितले. त्यांच्यामागून इतर बोलले. इतक्या वर्षांत भाऊंना गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आता मी मावशींच्या इस्त्रीच्या टेबलाखाली राहतो. मित्रांनो, वस्तू ठेवून देताना तिच्यातले सेल काढा, एवढे माझे ऐका. आणि भोंगा हाती आलाच, तर आपले बोलून झाल्यावर तो समोरच्याला द्या.

नवी जलवाहिनी अजून अर्ध्या टेकडीपर्यंतच आली आहे. दर रविवारी चौकात मावशी मला उचलून विचारतात, "याचं उत्तर कोण देणार?" आणि गर्दीतून, भोंग्याशिवाय, भाऊ ओरडतात, "मी!"