बसच्या रस्त्याने

"चावला, की हात मागे ओढायचा नाही. उलट त्याच्या तोंडाकडे दाबायचा. ओढलात तर कातडी फाटेल, दाबलात तर तो आपणहून तोंड उघडेल. आणि तेवढा वेळ बोलायचं नाही. समजूत नाही, ओरडणं नाही, काही नाही."

विशेष मुलांच्या केंद्रातल्या बाईंनी मला हे सांगितलं, तेव्हा माझा मुलगा त्यांच्या टेबलापेक्षा जरासाच उंच होता. आता तो त्याच्या बाबांच्याही डोक्यावरून बघतो. पण त्या सकाळी फाटकापाशी त्याने माझा हात दातांत धरला, तेव्हा कानात बाईंचाच आवाज आला. मी हात दाबला. त्याने सोडला. मग आम्ही दोघं पुन्हा रस्त्याकडे बघत उभे राहिलो, जसं काही झालंच नव्हतं.

"बस येतेय," तो म्हणाला.

बस येणार नव्हती.

त्याला आम्ही साहेब म्हणतो. हे नाव त्याच्या बाबांनी पाडलं. ताट ठरलेल्या जागी हवं, चपला भिंतीला चिकटून हव्यात, शर्टाच्या कॉलरला आतून लेबल नको, आणि चुकलं तर कुणाची गय नाही. "आमच्याकडे एकच साहेब आहेत, बाकी सगळे शिपाई," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे यायचे तेव्हाची गोष्ट.

साहेबांना बोलायला दोन-चार वाक्यं पुरतात आणि ती सगळी बसमधली आहेत. चला, आत या. पट्टा लावा. बस येतेय. केंद्राची बस रोज सकाळी सगळ्यांत आधी आमच्या फाटकापाशी यायची. तो चढायचा, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसायचा आणि संध्याकाळी शांत होऊन परत यायचा. मधल्या वेळात मी दुकानात लोकांच्या पँटींची उंची कमी करायचे, उसवलेल्या शिवणी घालायचे, चेन बदलायचे. त्याचे बाबा कुठल्या ना कुठल्या इमारतीत काचा बसवत असायचे. आमचं घर त्या बसवर चालत होतं.

मग बसमध्ये एक नवीन मूल आलं. त्याला प्रवासात उलटी व्हायची, म्हणून त्याला पुढची खिडकी दिली आणि साहेबांना मागे बसवलं. मदतनीस बाई पट्टा लावायला वाकल्या. त्याने त्यांचे केस धरले आणि दंडाला चावला. भर चौकात बस थांबवावी लागली. तो सुटला तेव्हा त्याच्या मुठीत त्यांच्या केसांचा पुंजका होता.

केंद्रातल्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"बसमध्ये आता नाही घेता येणार. मदतनीस बाईंनी काम सोडलं आणि त्यांना मी काय म्हणू? पण केंद्रातली त्याची जागा आहे. तुम्ही आणून सोडा. एवढा महिना मी ती कुणाला देणार नाही. त्यानंतर मात्र माझा नाइलाज आहे. बाहेर किती जण थांबलेत, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. आम्हीही तसेच थांबलो होतो.

जागा गेली, तर मी काम सोडून दिवसभर त्याच्याबरोबर घरात राहायचं, किंवा त्याला गावाबाहेरच्या निवासी घरात ठेवायचं. तिथे भेटायला ठरवून दिलेल्या वारीच जाता येतं. माझ्या नणंदेने तिथली सगळी चौकशी करून ठेवली होती. ती खालच्याच मजल्यावर राहते. त्याने भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज तिच्या छतातून खाली जातो.

आमच्या घराला एक सवय लागली होती. तो बिथरला की कुणीतरी म्हणायचं, बस येतेय. तो थांबायचा आणि खिडकीशी जाऊन उभा राहायचा. सुट्टीच्या दिवशी म्हणायचो, तापात म्हणायचो, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतसुद्धा म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या, बस यायचीच, त्यामुळे ते खोटं वाटायचं नाही. औषधासारखं आम्ही ते वाक्य वापरलं. आता बस येत नव्हती आणि तो आम्हाला आमचंच वाक्य ऐकवत रोज सकाळी फाटकापाशी उभा राहत होता.

महिना सरत आला, तेव्हा त्याचे बाबा म्हणाले, "मी चालत नेतो. सरळ रस्ता आहे, लांब कुठेय?"

आणि ते गेले. मी दुकानात न जाता घरी थांबले. कपडे वाळत घालून होत नाहीत तोच जिन्यात पावलं वाजली. पुढे साहेब, मागे ते. त्यांच्या चष्म्याची एक काडी गेली होती आणि शर्टाचा खिसा लोंबत होता. साहेबांनी चपला काढून भिंतीला लावल्या आणि ते आपल्या खोलीत गेले.

"काय झालं?"

"काही नाही. साहेबांनी बदली केली माझी," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.

आवाज ऐकून नणंद मलम घेऊन वर आली. तिने भावाची मान वळवून बघितली, ओरखड्यांना मलम लावलं.

"अरे, तुझी उंची बघ, त्याची बघ. हे काय आता हातात मावणारं काम आहे? उद्या रस्त्यात कुणाला काही झालं म्हणजे? मी वाईट दिसते ना बोलताना? दिसू दे. कुणीतरी बोलायला हवंच की."

"ताई, चहा घेणार?" मी विचारलं.

"विषय बदलू नकोस. साखर कमी घाल."

मी चहा ठेवला. माझ्या हातावरच्या दातांच्या खुणा निळ्या झाल्या होत्या. त्या दुखत असणार असं वाटलं, पण दुखणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. बरेच दिवस असंच चाललं होतं. सकाळी जपाला बसायचे, ओठ हलत राहायचे, आणि जप संपला की कळायचं, संपला.

"चांगला चालला होता," ते सांगू लागले. "गुणी बाळासारखा. औषधाच्या दुकानाचा कोपरा आला आणि एकदम डावीकडे ओढायला लागला. मी सरळ धरून ठेवलं. तिथेच संपलं सगळं. फूटपाथवर आडवाच झाला. एक माणूस फोनवर व्हिडिओ काढत होता. दुसरा म्हणाला, पोलिसांना बोलवा. म्हटलं, अहो, बाप आहे मी त्याचा. तर म्हणतो, मग सांभाळा की."

"काय चुकलं त्या माणसाचं?" नणंद म्हणाली.

"डावीकडे काय आहे?" मी विचारलं.

"काय असणार? भंगारवाला. त्याच्यापुढे नुसती बंद गोदामं."

मी कप त्यांच्यापुढे ठेवला. बसचे पहिले काही दिवस मी त्याच्या शेजारी बसून जात होते, त्याची सवय होईपर्यंत. भंगाराच्या दुकानावरून बस आत वळायची.

"गोदामांच्या मागे जुळ्या मुली राहतात," मी म्हटलं. "बस त्यांना घ्यायला वळते. तिथून पाण्याच्या टाकीखाली, जाड चष्मेवाल्या मुलाकडे. मग पूल, मग अजून दोन घरं, मग केंद्र. तो पळून जात नव्हता. तुम्ही रस्ता चुकत होता."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे सगळ्या गावाला वळसा घालून केंद्रात जायचं?" ते म्हणाले.

"हो."

"पायी?"

"पायी."

"आणि प्रत्येक घरासमोर थांबायचं?"

"थांबायचं. ती चढेपर्यंत."

"चढायला दार कुठून आणू?"

"भंगारवाला वाटेतच आहे, त्याच्याकडे मिळेल एखादं," नणंद म्हणाली. कुणी हसलं नाही, पण तिने दुसरा कप मागितला आणि निवासी घराचं नाव त्या दिवशी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन निघाले. बस आमच्या गल्लीत आता वळत नव्हती, ती कधीच पुढे गेलेली असणार. फाटकापाशी त्याने मला बराच वेळ उभं केलं. मी बोलले नाही. मग मी आपली चालायला लागले, रस्त्याच्या मधून नाही पण जमेल तितकं बसच्या वाटेने, आणि तो मागून आला. औषधाच्या दुकानाशी मी डावीकडे वळले. मागची पावलं तशीच येत राहिली.

जुळ्या मुलींच्या घराचं दार बंद होतं. त्या गेल्या होत्या. साहेब दारासमोर उभे राहिले. "चला, आत या," ते म्हणाले, मदतनीस बाईंच्या आवाजात, त्यांच्यासारखा शेवटचा शब्द लांबवून. दोन मुलींना चढून बसायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते थांबले. "पट्टा लावा." मग निघाले. टाकीखाली पुन्हा तेच. एक बाई पायऱ्या धूत होती, ती पाणी ओतायची थांबली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, जशी आपण रोज भेटणाऱ्या माणसाला हलवतो. पुलावर एका ट्रकने जोरात हॉर्न दिला आणि त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. मी थांबले. त्याने सोडलं. आम्ही पुढे गेलो.

केंद्राचं दार बाईंनी स्वतः उघडलं. वर्ग सुरू होऊन बराच वेळ झाला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्या चपलांवरच्या धुळीकडे.

"आला," त्या म्हणाल्या. "रोज येईल?"

"रोज येईल," मी म्हणाले.

हे मी कशाच्या जोरावर म्हणाले, ठाऊक नाही. दुकानात पोचले तेव्हा मालकीणबाई स्वतः टेबलाशी बसून कुणाचा तरी लेहंगा कमरेत आत घेत होत्या. त्या रागावल्या नाहीत. "आज चाललं," एवढंच म्हणाल्या. "पण माणसं सकाळीच येतात गं. सकाळी तू नसलीस, तर मला दुसरी बघावी लागेल." मी मशीनवर बसले आणि सुई ओवली.

संध्याकाळी घरी मी त्याच्या बाबांना सगळं सांगितलं. रस्ता चालतो, पण रोज मी नाही नेऊ शकत. मुकादमाशी बोललात, तर तुम्हाला उशिरा जाता येईल. काचा काही सकाळी सकाळी वितळत नाहीत.

ते चष्म्याला चिकटपट्टी गुंडाळत होते. बराच वेळ गुंडाळत राहिले.

"मला त्याची भीती वाटते," ते म्हणाले. "पोटच्या पोराची. फूटपाथवर खाली बसून त्याला धरला होता ना, तेव्हा वाटलं, सोडून द्यावा आणि जावं कुठेतरी. तुला नाही वाटत भीती?"

"मला आता काही वाटत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्यात तक्रार नव्हती.

"ताई म्हणते ते घर वाईट नाही."

"नसेल."

"तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"मी बाईंना 'रोज येईल' म्हणाले आहे."

त्यांनी चिकटपट्टीचं टोक दातांनी तोडलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांची बरीच वचनं माझ्याकडे पडून होती, त्यातली काही लग्नाच्या वेळची. मी वाट बघायचं कधी सोडलं तेही आठवत नव्हतं. मी भांडी आत न्यायला उठले.

साहेब खिडकीशी बोटं हलवत उभे होते. "बस येतेय," ते काचेला म्हणाले.

त्याचे बाबा उठून त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. चिकटपट्टीचा चष्मा त्यांनी काढून खिशात ठेवला होता.

"साहेब, बस येणार नाही," ते म्हणाले. इतक्या दिवसांत हे वाक्य त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी भांडी हातात धरून तशीच उभी राहिले, आवाजाची वाट बघत. आवाज झाला नाही. फक्त त्याच्या बोटांची हालचाल थांबली.

"मी येणार," ते म्हणाले. "उद्या. चालत. बसच्या रस्त्याने."

तो त्यांच्याकडे वळला नाही. पण थोड्या वेळाने तो काचेला म्हणाला, "उद्या. चालत."

ते स्वयंपाकघरात आले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "त्याला सांगून बसलात. आता मागे घेता येणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं, तर मागे घेता आलं असतं."

सकाळी मी जपाला बसले. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, हे घरात ठाऊक आहे, त्यामुळे मी कुणाला उठवलं नाही. डोळे अर्धवट मिटलेले होते. आतल्या खोलीत हालचाल नव्हती. ते उठणार नाहीत असं मी धरून चालले होते, आणि मग दुकानाला काय सांगायचं याचा विचार जपाच्या खालून चालला होता.

मग नळाचा आवाज आला. काही वेळाने त्यांचा दबका आवाज, फोनवर. "हो, उशीर होईल. आज नाही, रोजच. काय कापायचे ते कापा." मुकादम पलीकडून बरंच काही बोलत असावा. ते ऐकत राहिले. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी जाड कापडाचं कामाचं जाकीट चढवलं, ज्याच्या बाह्यांना काच लागत नाही. बूट घातले. साहेबांच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं नाही, नुसते बाहेर उभे राहिले. आतून तो आला. त्याने भिंतीशी लावलेल्या चपला पायांत सरकवल्या. कुणी कुणाचा हात धरला नाही.

माझे ओठ हलत होते. मी डोळे पुरते मिटून घेतले. जिन्यात आधी बुटांचा आवाज उतरत गेला, सावकाश, एका पायरीवर थांबून. मग त्याच्यामागे, थोडं अंतर ठेवून, चपलांचा.