भेट की बैठक

रविवारी दिंद्रुडचे आश्रुबा दोन भाऊबंदांना घेऊन आमच्याकडे मेंढा बघायला आले. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोंगडी अंथरली आणि तिघांच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. रविवारी दारात येईल त्याला तात्या भंडारा लावतात, वीजबिलवालासुद्धा सुटत नाही. मी पाणी दिलं, आईने चहा दिला. मेंढ्यांबद्दल, चाऱ्याबद्दल बोलून मंडळी गेली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "मग योगिताचा साखरपुडा कधी धरायचा?" योगिता म्हणजे मी.

आमच्या भावकीत मुलाकडचे घोंगडीवर बसले आणि मुलीच्या बापाने भंडारा लावला, की बैठक झाली, म्हणजे लग्नाचा शब्द दिला, असं धरतात. आश्रुबांना लग्नाचा मुलगा आहे हे तात्यांना माहीत होतं. रविवारच्या सवयीत ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि इकडे परळीला माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलेलं.

घरात नुसता गोंधळ. तात्या म्हणाले, "ती नुस्ती भेट व्हती." आई म्हणाली, "घोंगडी टाकली, भंडारा लावला, मंजी बैठकच झाली की." नाथाकाकांचं तिसरंच, "पोरगा कुटं आलता? त्यो पाहुणचार हाय."

"मग ते साखरपुड्याचं कावून इचारायलेत?" आईने विचारलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. माझं शिक्षण कशावर अडलं होतं, तर त्या रविवारला काय म्हणायचं यावर.

शेवटी सोक्षमोक्ष लावायला आश्रुबा परत आले, या वेळी मुलाला, अंगदला घेऊन. पुन्हा तोच काथ्याकूट सुरू झाला. माझ्याकडे कोणी बघेना. माझं डोकं फिरलं. मी सरळ जाऊन मधोमध बसले.

"तुमची बैठक झाली असंल. माझी आन् ह्यांची तर अजून भेटच न्हाई झाली. मला शिकायचं हाय. कुणी इचारलं का मला?"

अंगद खाली बघत म्हणाला, "मलाबी कुणी न्हाई इचारलं."

तात्यांनी आश्रुबांकडे बघितलं, आश्रुबांनी तात्यांकडे. मग दोघे उठले आणि सगळ्यांना घेऊन बाहेर निघाले.

"खरंय पोरी, आमचं चुकलं," आश्रुबा मायेने म्हणाले. "आता बोला दोघं निवांत."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. आत मी आणि अंगद. मला काही कळेना, मी लग्न मोडलं होतं की ठरवलं होतं.