डावा खिसा

डोक्यात नळी घालावी लागेल म्हटल्यावर मास्तरांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न काय विचारावा, तर टाके कसले घालणार. मास्तर म्हणजे माझे यजमान. आमचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मीही म्हणते. डॉक्टरांनी त्यांना गंभीरपणे उत्तर दिलं. मला मात्र दोघांचाही राग आला, कारण कापड मी होते.

त्याआधी बरेच महिने मी घसरत चालले होते. पाय फरशीला चिकटल्यासारखे व्हायचे. काजं करता करता हात थांबायचा आणि पुढे काय करायचं तेच आठवायचं नाही. लघवीला पोचेपर्यंत उशीर व्हायचा. हेही सांगते, कारण कुणी सांगत नाही आणि मग प्रत्येकीला वाटतं आपल्या एकटीलाच होतंय. सगळे म्हणाले, वय झालं. वय झालं म्हटलं की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. शेवटी एका डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि सांगितलं की मेंदूत पाणी साचतंय, त्याचा निचरा होत नाही. कमरेत सुई घालून थोडं पाणी काढून पाहिलं, तर त्याच दिवशी मी दवाखान्याचा जिना कठडा न धरता उतरले. मास्तर खालच्या पायरीशी उभे होते. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

ऑपरेशनची भीती वाटते ती डोक्याची. प्रत्यक्षात माझं पोटच जास्त दुखलं. उजव्या कानामागे केस भादरतात, तिथून नळी आत जाते आणि कातडीखालून मानेवरून, छातीवरून खाली पोटात सोडतात. डोक्यातलं जास्तीचं पाणी तिकडे जिरतं. कानामागे एक छोटी झडप बसवतात, किती पाणी सोडायचं ते ती ठरवते. हाताला सुपारीएवढा उंचवटा लागतो. पहिले काही दिवस उठून बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. मानेवर नळी दिसते, म्हणून मी पदर घट्ट घ्यायला लागले. मास्तरांनी टाके निरखून पाहिले आणि म्हणाले, "हात चांगला आहे हं." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती आमच्या दुकानातल्या एकाही कारागिराला मिळालेली नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "ही झडप बाहेरून लोहचुंबकाने कमीजास्त करता येते. म्हणजे तुमच्याकडचं एखादं जोरदार लोहचुंबक अगदी जवळ आलं तर तीही हलेल. सांभाळा." झालं. मास्तरांनी घर पिंजून काढलं. फ्रिजवर चिकटवलेली फुलपाखरं गेली, माझ्या पर्सचं लोहचुंबकाचं बटण कापून तिथे हूक आला, मोबाइल डाव्या कानाला लावायचा हुकूम सुटला. लेक फोनवर म्हणाली, "बाबा आता आईलाच पेटीत ठेवतील." मी हसले, पण मला ते आवडत होतं. कुणी आपली इतकी काळजी करावी, याची मला सवय नव्हती.

आणि मग ते संध्याकाळचं सुरू झालं. दुकान बंद करायच्या वेळी मी स्टुलावर बसून काजं आवरत असायची. मास्तर शटर अर्धं ओढायचे, माझ्यासमोर येऊन उभे राहायचे आणि माझं डोकं हळूच आपल्या छातीशी धरायचे. भादरलेली उजवी बाजू आत, म्हणजे रस्त्यावरच्या कुणाला दिसू नये. कधी विचारायचे, "पाणी वाहतंय ना?" मी म्हणायची, "तुम्हीच ऐका." या माणसाने तरुणपणी चारचौघांत माझा हात धरला नव्हता. म्हातारपणी, डोकं फोडून घेतल्यावर, मला हे मिळालं. मी दिवसभर त्या वेळेची वाट बघायची, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी महिनाभर झकास चालले. भाजी मी आणायला लागले, गिऱ्हाइकांशी भांडायलाही लागले. मग एक दिवस उंबऱ्यापाशी पाय अडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डोकं जड झालं, सुईत दोरा ओवताना हातातली सुई कुठे ठेवली तेच कळेना. मी कुणाला बोलले नाही. पण एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी काजांच्या जागी बटणं आणि बटणांच्या जागी काजं केली. मास्तर तो सदरा हातात धरून बघत राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, "नळी तुंबली असेल. तसं असेल तर पुन्हा उघडून बदलावी लागेल." पहिल्या वेळी काय होणार ते माहीत नव्हतं, म्हणून निभावलं होतं. आता सगळं माहीत होतं. मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, "मला परत नाही उघडून घ्यायचं. पडून राहीन एका कोपऱ्यात, चालेल." ते नुसते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आधी तपासणी झाली. मास्तर माझ्या शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी झडपेवर एक चकती धरली. तिच्यात होकायंत्रासारखा काटा होता, झडप किती आकड्यावर आहे ते तो दाखवतो. काटा वेड्यासारखा हलायला लागला. डॉक्टरांनी चकती उचलली, परत ठेवली. काटा परत भरकटला. त्यांनी मान वर केली आणि मास्तरांना म्हणाले, "तुम्ही जरा त्या दाराशी जाता का?" मास्तर दाराशी गेले. काटा स्थिर झाला, पण भलत्याच आकड्यावर.

"तुमच्या खिशात काय आहे?"

"काही नाही. खडू, टेप. दुकानातून तसाच आलो."

"वरच्या खिशात?"

मास्तरांनी शर्टाच्या डाव्या खिशात हात घातला आणि कोंबडी बाहेर काढली. कोंबडी म्हणजे जुन्या स्पीकरमधून काढलेलं वाटोळं लोहचुंबक, फलालीनच्या कापडात शिवलेलं. दिवस संपला की ते जमिनीवरून फिरवायचं, सांडलेल्या टाचण्या सगळ्या त्याला चिकटतात. टाचण्या टिपते म्हणून कोंबडी. आमच्या लग्नाआधीपासून ती त्यांच्या त्याच खिशात. घरातलं फुलपाखरू दिसलं त्यांना, पण कोंबडी ही कात्रीसारखी, शिवताना बोटात घालायच्या टोपणासारखी झाली होती. ती लोहचुंबक आहे हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. रोज संध्याकाळी त्याच खिशावर माझी झडप टेकत होती. मी डॉक्टरांना तेही सांगितलं.

डॉक्टरांनी झडप तिथल्या तिथे फिरवून पूर्वीच्या आकड्यावर आणली. चीर नाही, टाका नाही, दुखलंसुद्धा नाही. "चूक कुणाच्याही हातून होते," ते म्हणाले. "ते वापरणं सोडा, बाकी काही बंद करायची गरज नाही." मी सुटले. माझ्या जिवात जीव आला, पण मास्तर दाराशीच उभे होते. त्यांना आत बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते आपणहून आले नाहीत.

आठवड्यात पाय मोकळे झाले. कोंबडी भंगारात गेली. आता मास्तर दुकान बंद करताना गुडघ्यांवर बसून बोटांनी टाचण्या वेचतात. गुडघे दुखतात, कुरकुरत नाहीत. मी स्टुलावर बसते. शटर अर्धं खाली येतं आणि ते माझ्यापासून हातभर लांब थांबतात. मी एकदा म्हटलं, "अहो, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?" ते म्हणाले, "ऐकलं गं. पण माझ्या हातून परत काही झालं तर?" त्यांच्या हातून काही झालंच नव्हतं, झालं ते खिशातून. हे मी त्यांना सांगून दमले. मला फार वाईट वाटतं. मला आजारी असतानाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

परवा मी त्यांचे सगळे शर्ट काढले आणि डावे खिसे उसवले. एकेक टाका, कापडाचा धागा ओढला जाऊ न देता. खिशाखालचं कापड अजून नव्यासारखं गडद होतं. संध्याकाळी त्यातला एक शर्ट घालून ते माझ्यासमोर उभे होते. सवयीने हात छातीवर गेला, तिथे खिसा नव्हता. त्यांनी खाली पाहिलं, त्या गडद चौकोनावरून बोट फिरवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते एक पाऊल पुढे आले, हात उचलला. हात माझ्या कानापाशी आला आणि हवेतच थांबला.

"स्वच्छ उसवलायस," ते म्हणाले.

मग ते गुडघ्यांवर बसले आणि टाचण्या वेचायला लागले. मी उठले, त्यांच्यापुरता एक दिवा ठेवून बाकीचे घालवले आणि घराची वाट धरली. मला आता नीट चालता येतं, कुणाचा हात धरावा लागत नाही.