अर्धी हाक

माइकसमोर वाकून तो घशातून खरखर काढत होता. समोरच्या पडद्यावर एक मेलेला पोरगा, तोंडाला रक्त लागलेला, पाय फरफटत स्वयंपाकघरात शिरत होता. ओट्याशी त्याची आई पाठमोरी उभी. पोरगा तिच्यावर झेप घ्यायला जातो आणि क्षणभर थबकतो.

"थांबा," काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली. "काका, हे नेहमीचं झालं. इथे तो आईला ओळखतो. हाक मारायला जातो आणि ती घशातच मरते. मला ती अर्धी हाक हवीय."

त्याने पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, काका आता आजारी म्हशीसारखे वाटायला लागलेत. सगळे हसले, तोही हसला. शेवटी दिग्दर्शिकेने तो प्रसंग बाजूला ठेवला आणि घरी बसून तयारी करून या म्हणाली.

एकेकाळी हा आवाज नायकांचा होता. वय झालं तसा तो नायकाच्या बापाकडे गेला, मग खलनायकाकडे, आणि आता मढ्यांकडे. मढ्यांना कसली आलीय भाषा, असं आधी त्यालाही वाटायचं. पण परदेशी पिक्चर आपल्या भाषेत आणताना संवादांबरोबर मूळ हुंकारही पुसले जातात आणि मेलेल्यांनाही नवा घसा लागतो. नायक पडतात, प्रेमकथा पडतात. झॉम्बी पडत नाहीत. लोक पुन्हा पुन्हा तेच बघायला येतात.

का येतात, यावर चहा पिताना चर्चा व्हायची. रेकॉर्डिस्टच्या मते लोकांना भ्यायला आवडतं. दिग्दर्शिकेच्या मते माणसं मारूनही पाप लागत नाही म्हणून आवडतं. तो गरम पाणी प्यायचा. त्याला वेगळंच वाटत होतं. या पिक्चरमध्ये सगळ्यांना दिसतं की समोर उभा आहे तो आपला माणूस उरलेला नाही. चावा, ताप, पांढरे डोळे, की निकाल लागला. कुणी डॉक्टर तोंड पाडून "बघू या" म्हणत नाही. कुणी नातेवाईक "चमत्कार होतात हो" म्हणून आपापल्या घरी जाऊन गाढ झोपत नाही. आई रडते, गोळी झाडते, थिएटरात दिवे लागतात. लोक भ्यायला जात नाहीत. सुटायला जातात.

त्याच्या घरी दिवे लागत नव्हते.

आतल्या खोलीत त्याचा पोरगा होता. मोटारसायकलवरून पडला तेव्हापासून पलंगावर. डोळे उघडे, पण बघणं नाही. नाकात नळी. बायको त्याला पुसायची, कूस बदलायची, नळीतून पातळ अन्न सोडायची. पोरगा अधूनमधून घशातून आवाज काढायचा. तो नुसता वारा आहे, त्यामागे कुणी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्टुडिओत त्याच्या झॉम्बींची तारीफ व्हायची ती या वाऱ्यामुळे. बापाने पोराचा घसा चोरला होता. लोकांची पोरं बापाचा धंदा उचलतात, इथे उलटं झालं होतं.

छाती पुन्हा कफाने भरली तर मशीनवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी आधीच विचारून ठेवलं होतं. मागच्या वेळी झटक्यांत नळी ओढली जाऊ नये म्हणून पोराचे हात पलंगाला बांधले होते. त्याचे वळ अजून मनगटांवर होते.  बऱ्याच दिवसांनी एकदा बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आता नको." एवढ्या दोन शब्दांत तिचं वय दहा वर्षांनी वाढलं.

त्या दुपारी तो पलंगाशेजारी बसला. पोराचा घसा कसा हलतो ते बघत त्याने डोळे मिटले आणि अर्धी हाक काढली. पहिली फसली. दुसरी बरोबर लागली. "आ" मोकळा सुटला आणि "ई" कफात बुडाला. त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला.

बायको ओल्या हातांनी धावत आली.

"मला हाक मारली त्याने. ऐकलंत ना तुम्ही?"

तोंड उघडायला एक क्षण असतो. तो क्षण गेला.

तिने मुलाच्या मावशीला फोन केला, मग शेजारणीला बोलावलं. शेजारीण म्हणाली, आईची माया आहे, वाया जाते होय. बायको पोराच्या कानाशी बसून लहानपणीचं काय काय सांगत राहिली. पहिला दात कधी आला, शाळेत कुणाला चावला होता. हे सांगताना ती चक्क हसली. तो दारात उभा राहून ऐकत होता. उभं राहण्याखेरीज त्याने काही केलं नाही. भ्याड माणूस पडद्यावर पहिल्या दहा मिनिटांत मरतो. घरात तो जगतो.

दोन दिवसांनी पोराला ताप चढला. छाती घुरघुरायला लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गाडी पाठवू की नको ते लगेच कळवा. तिने त्याच्या हातून फोन घेतला, थोडा वेळ विचार करून सांगते म्हणाली आणि ठेवला. मग पिशवीत पोराचे कपडे भरायला लागली.

तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"ती हाक त्याची नव्हती."

ती कपडे भरत राहिली.

"मी होतो. कामाचं करून बघत होतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ऐकलं तेव्हाच. त्याचा आवाज एवढा जाड नव्हता." तिने एक शर्ट झटकला, पुन्हा घडी घातली. "पस्तीस वर्षं ऐकतेय तुमचा आवाज. नायकाचा काढा नाहीतर मढ्याचा."

"मग सगळ्यांना कशाला सांगत बसलीस?"

 पलंगावर पोरगा छताकडे बघत होता आणि प्रत्येक श्वासाला पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. तिने पिशवीवर हात ठेवला, उचलली नाही.

"परत काढा तो आवाज," ती म्हणाली. "जरा कोवळा काढा."

त्याला वाटलं, तिचं डोकं फिरलंय. पण ती शांतपणे पलंगाच्या कडेला बसली होती, पोराचा हात हातात घेऊन, नवऱ्याकडे पाठ करून. तो पोराच्या उशाशी गेला. घसा खाकरला. जो आवाज स्टुडिओत कुणी मागितलाच नव्हता, तो कसलीही तयारी न करता आला. खरखर नव्हती, कफ नव्हता. शाळेतून आल्यावर पायातले बूट फेकत पोरगं मारतं तशी, अख्खी हाक.

"ओ," ती म्हणाली. "आले रे."

मग तिने पिशवीतला शर्ट बाहेर काढला, पोराच्या अंगावर नीट पसरला, आणि मागे न बघता फोन नवऱ्याच्या हातात दिला.