मला बंद केले ती दुपार

मित्रांनो, मी एक जुने रडार आहे. विमाने शोधणारे नव्हे, बरे का! मैदानभर तारांचे खांब आणि बैठ्या खोलीत एक भलीमोठी पेटी, एवढाच माझा संसार. पृथ्वीच्या ऐन कमरेवर, म्हणजे विषुववृत्तापाशी, शंभर किलोमीटर उंच, दिवसा विजेचा एक अदृश्य प्रवाह वाहतो. त्यात लाटा उठतात. मी खालून रेडिओलहरींची साद घालत असे, लाटा ओ देत. त्या प्रतिसादावरून त्यांचा वेग कळे.

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना सगळे मामा म्हणत. रोज सकाळी ते खांबांवरच्या मुंग्या झटकत, तारांचे जोड पुसत आणि विचारत, "काय रे लेकरा, घसा बरा आहे ना?"

संशोधन करणाऱ्या ताईला मात्र एकच ध्यास होता. एखाद्या दुपारी हा प्रवाह थांबतो आणि चक्क उलटा वाहू लागतो. त्या वळणावर लाटांचे काय होते, ते तिला टिपायचे होते. माझे काम बंद करायचे ठरले होते, आणि तो शेवटचा आठवडा होता.

त्या दुपारी ताई मुदत वाढवून मागायला साहेबांकडे गेली. इकडे पडद्यावरचे प्रतिसाद विरत विरत नाहीसे झाले. मामा पडद्याकडे धावले. "अरे देवा, बसला की घसा!" त्यांनी मला बंद केले, झाकण उघडले आणि एकेक जोड चाचपू लागले. मामा, मी ठणठणीत आहे, वरच शांत झाले आहे, असे ओरडावेसे वाटले. पण यंत्राला कुठले तोंड?

शेजारच्या खोलीतल्या चुंबकीय काट्याने प्रवाह उलटल्याची रेघ कागदावर ओढली होती. साहेबांकडून परतताना ती पाहून ताई धावतच आली.

"मामा, बंद का केलंत?"

"अगं, आवाजच गेला त्याचा. म्हटलं, जळून जाईल बिचारं."

"आजारी नव्हतं हो ते! हेच तर ऐकायचं होतं मला."

मामांनी घाईघाईने झाकण लावून मला पुन्हा चालू केले. मी तापून पुन्हा बोलते होईपर्यंत प्रवाह सरळ झाला होता. ताईने मामांना पाणी दिले. रागाचा एक शब्द काढला नाही. तेच मला फार लागले.

मुदत काही वाढली नाही. आता खांबांवर वेली चढल्या आहेत.

मित्रांनो, कीर्तनात बुवा क्षणभर थांबले म्हणून कुणी टाळ गुंडाळून उठत नाही. कदाचित चाल बदलायची असते. माया जरूर करा, पण आपले माणूस गप्प झाले, तर लगेच दुरुस्तीला धावू नका. घटकाभर जवळ बसा. ताईचा प्रश्न अजून वरच आहे, आणि साद घालणारे इथे कुणी उरलेले नाही.