बोटभर जागा

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या फिटरना लॅपटॉपचा स्टँड म्हणजे हातचा मळ वाटला. त्यांची मुलगी आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला न्यायची आणि ते चार तास हॉस्पिटलबाहेर गाडीतच ऑफिसचं काम करायची. स्टीअरिंगला टेकवलेला लॅपटॉप घसरायचा, कामात चुका व्हायच्या, साहेब कुरकुरायचे. नोकरी टिकायला हवी होती आणि आईची एकही फेरी चुकून चालणार नव्हती.

फिटरनी जुन्या सायकलचं हँडल जिथे फिरतं तो सांधा कापून घेतला, कारण त्यातल्या छऱ्यांइतकं मऊ फिरणारं दुसरं काही त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारच्या सीटच्या बोल्टाखाली जाड पट्टी, तिच्यावर उभा पाइप, पाइपवर तो सांधा, आणि सांध्याला हातभर दांडा, त्यावर रबर लावलेला पत्रा. काम करताना पत्रा आपल्यापुढे ओढायचा, गाडी चालवताना पलीकडे ढकलायचा. माप तीनदा घेतलं होतं. तरी पहिल्याच दिवशी पत्रा गर्रकन फिरला आणि शेजारी बसलेल्या आईच्या गुडघ्यावर आदळला.

फिटर ओशाळले. सगळी मापं त्यांनी रिकाम्या सीटवर घेतली होती. डेपोत दुरुस्तीला येणारी बस रिकामीच यायची, त्यामुळे सीटवर माणूस धरून मोजायची सवयच नव्हती. बायको गुडघा चोळत म्हणाली, "अहो, तुमच्या गाड्यांत माणसं बसतात हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?"

मग तिला सीटवर बसवून, गुडघ्यापासून बोटभर जागा सोडून, त्यांनी सांध्यावर खडूची रेघ मारली. रेघेवर लोखंडी अटकाव वेल्ड केला. पत्रा त्यापुढे जाईना.

चार महिन्यांत बोटभर जागेची तीन बोटं झाली. पत्रा होता तिथेच होता, बायकोचं अंग उतरत होतं. दर खेपेला तिला गाडीत बसवताना फिटरची नजर तिथेच जाई. इकडे अटकावामुळे पत्र्याचा कोपरा गिअरजवळ राहायचा. गिअर बदलताना लागून लागून मुलीचं कोपर काळंनिळं पडलं.

आईने ते पाहिलं आणि अटकाव सरकवा म्हणून मागे लागली. फिटर उडवून लावायचे. अंग भरेल की पुन्हा, मग परत कापाकापी कशाला, म्हणायचे. खरं म्हणजे ते घाबरले होते. अटकाव सरकवला की ती बरी होणार नाही हे आपल्याच हाताने मान्य केल्यासारखं होणार होतं.

एका रविवारी ती स्वतःच गाडीत जाऊन बसली आणि खडू मागितला. गुडघ्यापासून बोटभर जागा मोजून तिने नवी रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"इथे लावा," ती म्हणाली. "लेकीचा हात ठेचून माझे गुडघे सांभाळू नका."

फिटरनी ग्राइंडरने जुना अटकाव कापला. डोळे पुसायला त्यांना दोनदा चष्मा काढावा लागला.

सोमवारी सकाळी गाडीत बसताना बायकोने वाकून पाहिलं. नव्या जागी वेल्ड नव्हतं, बोल्ट होता. जुन्या रेघेवरही एक भोक पाडून ठेवलं होतं.

"पक्कं नाही केलंत?"

"बोल्ट आहे," फिटर खाली बघत म्हणाले. "कधीही मागे घेता येतो."

तिने त्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं. मग तिने सीटबेल्ट लावला.

"मग पाना गाडीतच ठेवा," ती म्हणाली.