जानरावची छाती

माझी पोरं पोक काढून चालत नाहीत, अख्ख्या कारंजात विचारा. डोक्यावर भाजीची पाटी असो की नसो, मान ताठ आणि छाती पुढे. पाठ वाकलेली दिसली की मी चिमटा घेते. तिघांनाही घेतला. धाकट्या जानरावला जरा जास्त, कारण तो उंच, आणि उंच पोट्टे वाकतात.

ह्याच जानरावला पोलिसात जायचं होतं. मळा थोरल्या दोघांना पुरत होता. तिसरा वाटा निघाला असता तर कोणालाच पुरला नसता. चौऱ्याहत्तर सालची भरती त्याची शेवटची, पुढच्या साली वय निघून जात होतं. शेजारचा हेमसिंगही अकोल्याला निघाला. तो म्हणजे शेवग्याची शेंग. मी त्याच्या आईला विचारलं, की पोराला कायले उन्हात उभं करून राह्यली. तिला राग आला. येऊ दे.

जानराव नको म्हणत असताना मी एसटीत बसले. साहेबासाठी वांगी घेतली होती, ती भरतीच्या मैदानाच्या फाटकावरच्या शिपायानं माझ्याच हातात परत दिली. मग मी तारेबाहेर उभी राहिले.

उंचीत जानराव सहज निघाला. मग छाती. एक म्हातारा जमादार फीत घेऊन उभा होता. जानरावनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बोलायची गरज नव्हती. त्यानं छाती अशी काढली की मला त्याचा बाप दिसला. जमादारानं माप घेतलं आणि म्हणाला, आता फुगव. पोराचं तोंड लाल झालं, डोळे बाहेर आले, पण फीत जागची हलली नाही. त्याला बाजूला काढलं. मागून हेमसिंग आला, बरगड्या मोजून घ्या असा, आणि पास झाला.

मला काही समजेना. बाजारात मोठा भोपळा आधी उचलतात की लहान? मी वांग्यांसकट फाटकातून आत गेले. शिपाई मागून ओरडत राहिला.

"जमादार, तुमची फीत खराब हाये," मी म्हटलं. "ह्या पोट्ट्याची छाती त्या शेंगेच्या दीडपट हाये."

जमादार दिवसभर उन्हात उभा होता. तो शांतपणे म्हणाला, की माप दोनदा असतं, एकदा साधं, एकदा फुगवून, आणि दोन्हींत फरक लागतो. ह्यानं आधीच सगळी फुगवून ठेवली, मग नंतर काय फुगवणार?

"म्हंजे तुमाले मोठी छाती पायजे का लहान?"

"आधी लहान, मंग मोठी."

"आन् आधीच मोठी असन तर?"

"तर नापास."

असला कायदा कोणी केला, ते विचारायचं मनात होतं. तेवढ्यात खुर्चीतले साहेब म्हणाले, की पोराचं पुन्हा एकदा घ्या, ह्यानंतर नाही. जमादार जानरावला म्हणाला, छाती सोड. जानरावनं सोडली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर आली. पुन्हा सोडली, पुन्हा वर. जमादारानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुमी तिकडं तोंड करा."

"मी काहून? माह्यं माप हाये का?"

"आई," जानराव हळूच म्हणाला, "कर ना."

मी तोंड फिरवलं. समोर तार होती, तारेपलीकडे रस्ता, रस्त्यावर एक बकरी. पाठ करून उभं राहायची मला सवय नाही, हात कुठे ठेवावेत तेही कळेना. मागे एक लांब श्वास सुटला. आतून कोणीतरी ओझं उतरवल्यासारखा. माझ्या पोराचा असा श्वास मी कधी ऐकला नव्हता. मग जमादारानं कारकुनाला काहीतरी सांगितलं, आणि जानरावचे पाय हेमसिंगच्या रांगेकडे वाजत गेले.

पुढे पळून दाखवायचं होतं, त्याची मला चिंता नव्हती. संध्याकाळी निवडलेल्यांत दोघांचीही नावं पुकारली. जमादारानं वांगी मात्र घेतली नाहीत.

परतीच्या गाडीत जानराव माझ्या शेजारी झोपला. पाठ गोल, छाती पोटात गेलेली, तोंड उघडं. माझी बोटं त्याच्या पाठीपर्यंत गेली आणि थांबली. ज्या छातीनं नापास केलं ती मी दिलेली, आणि पास झाला तो मी पाहत नसताना. हे कोणत्या हिशेबात बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

झोपू दिलं त्याला. पण कारंजाचा स्टँड आला तेव्हा घेतला चिमटा. स्टँडवर सगळे ओळखीचे असतात.